युरोप आणि आशिया यांची सीमा : उरल की येनिसे?

रशियाचा प्राकृतिक नकाशा पाहताना बहुतेकांची नजर प्रथम उरल पर्वताच्या उभ्या तपकिरी रेघेवर थांबते. तिच्या पश्चिमेला युरोप आणि पूर्वेला आशिया, हे आपण शाळेत शिकलेलो असतो आणि नकाशावरची ती रेघही इतकी सरळ, इतकी सोयीची असते की तिच्याबद्दल शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मात्र ती रेघ क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या रंगांकडे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. उरलच्या पश्चिमेला मैदानाचा हिरवा रंग आहे आणि पूर्वेलाही तोच आहे. तो बदलतो तो उरल ओलांडून आणखी दीड ते दोन हजार किलोमीटर पूर्वेला गेल्यावर, येनिसे नदीच्या उजव्या काठावर. सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटरांचा हा दोन खंडांत पसरलेला भूप्रदेश समजून घ्यायचा असेल, तर उरलऐवजी येनिसेला मध्यरेषा मानावे, असे माझे मत आहे.

उरलची सीमा तशी फार जुनीही नाही. प्राचीन ग्रीक भूगोलज्ञ डॉन नदीला युरोपची पूर्व हद्द मानत, आणि ही समजूत पुढे अनेक शतके टिकून राहिली. अठराव्या शतकात पीटर द ग्रेटने रशियाचे तोंड पश्चिमेकडे वळवले, तेव्हा मॉस्कोच्या आसपासचा सगळा गाभा निःसंदिग्धपणे युरोपात यावा, अशी हद्द हवी होती. पोल्टाव्याच्या लढाईत रशियनांच्या हाती सापडलेला आणि सायबेरियात बरीच वर्षे कैदेत काढलेला स्वीडिश अधिकारी स्ट्रालेनबर्ग याने १७३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उरलची सीमा मांडली. ही कल्पना मुळात आपलीच होती, असा दावा रशियन प्रशासक आणि इतिहासकार वसिली तातिश्चेव यांनी केला. हे तातिश्चेव म्हणजे १७२३ मध्ये उरलच्या पूर्व उतारावर येकातेरिनबुर्ग वसवणाऱ्या दोघांपैकी एक. त्यामुळे या सीमेत भूगोलाइतकाच राज्यकारभाराचाही वाटा आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

उरल पर्वत उत्तर-दक्षिण सुमारे दोन ते अडीच हजार किलोमीटर पसरला असला, तरी उंचीच्या बाबतीत तो निराश करतो. त्याचे सर्वोच्च शिखर नरोदनाया केवळ १,८९५ मीटर उंच आहे, आणि येकातेरिनबुर्गच्या परिसरात तर हा पर्वत इतका खाली येतो की ट्रान्स-सायबेरियन रेल्वे सुमारे ४०० मीटर उंचीवरूनच तो पार करते. प्रवाशाला आपण एका खंडातून दुसऱ्या खंडात आलो हे रुळांशेजारचा स्मारकस्तंभ पाहून कळते. जमीन पाहून कळत नाही. पर्वत बुटका असण्याचे कारण त्याचे वय. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी पूर्व युरोपाचा प्राचीन भूखंड आणि त्याच्या पूर्वेकडचे भूखंड एकमेकांवर आदळले आणि मधला समुद्र मिटून हा पर्वत उभा राहिला. त्यानंतर ऊन, पाऊस, बर्फ आणि नद्या यांनी त्याची इतकी झीज केली की आज उरली आहेत ती त्याची मुळे. पण झिजेमुळेच त्याच्या पोटातले लोह, तांबे, प्लॅटिनम आणि रत्ने वर आली. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसन यांनी १८४१ मध्ये येथील खडकांचा अभ्यास करून एका संपूर्ण भूशास्त्रीय कालखंडाला उरलच्या पश्चिमेकडील पेर्म शहरावरून 'पर्मियन' हे नाव दिले. उरलचे महत्त्व आहे ते असे, खाणींचे आणि खडकांचे. वाऱ्याला, नद्यांना किंवा वनस्पतींना अडवणारी भिंत म्हणून त्याचे महत्त्व फारसे नाही.

उरलच्या पश्चिमेला पूर्व युरोपीय मैदान आहे. त्याचा सपाटपणा आकड्यांतून पाहायचा असेल, तर व्होल्गा नदीसारखे दुसरे उदाहरण नाही. ती वल्दाई टेकड्यांत समुद्रसपाटीपासून अवघ्या २२८ मीटर उंचीवर उगम पावते आणि सुमारे ३,५३० किलोमीटर वाहून कॅस्पियन समुद्राला मिळते, ज्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षाही सुमारे २८ मीटर खाली आहे. म्हणजे युरोपातील सर्वांत लांब नदी आपल्या सबंध प्रवासात अडीचशे मीटरांच्या थोडीच पुढे उतरते. वल्दाई टेकड्या याही खऱ्या अर्थाने डोंगर नव्हेत. हिमयुगातील बर्फाच्या थराने पुढे ढकलत आणलेला गाळ, दगड आणि गोटे जेथे साचले, तेथे हा उंचवटा अधिक ठळक झाला. तरीही व्होल्गा, नीपर आणि पश्चिम द्विना या तीन वेगवेगळ्या समुद्रांकडे जाणाऱ्या नद्या याच भागातून निघतात, कारण सपाट प्रदेशात थोडीशी उंचीही जलविभाजक ठरायला पुरते.

व्होल्गेच्या मधल्या टप्प्यात उजवा काठ उंच आणि खडा, तर डावा काठ सखल आणि कुरणांचा आहे. उत्तर गोलार्धातील नद्या पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवा काठ अधिक कापतात, असा नियम निसर्गशास्त्रज्ञ कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८६० मध्ये मांडला, आणि व्होल्गा हे त्याचे नेहमीचे उदाहरण असते. नियम दिसायला सुंदर आहे, परंतु परिवलनाचा जोर इतका क्षीण असतो की खडकांचा कल आणि जमिनीची हालचाल ही कारणे मला अधिक पटतात. येनिसेचा उजवा काठही उंच आहे, मात्र तेथे कारण पूर्णपणे निराळे आहे. त्याकडे पुढे वळतोच.

या मैदानाच्या दक्षिण भागात काळ्या मातीचा, म्हणजे चेर्नोझेमचा पट्टा आहे. वसिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये या मातीवर प्रबंध प्रसिद्ध केला आणि मृदाशास्त्र ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. माती म्हणजे फुटलेल्या खडकाचा नुसता भुगा नव्हे. मूळ खडक, हवामान, उतार, जीवसृष्टी आणि काळ या सर्वांनी मिळून ती घडते, हा त्यांचा विचार. स्टेपच्या, म्हणजे विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या, गवताची मुळे दरवर्षी मोठ्या प्रमाणावर मरतात, पाऊस बेताचा असल्यामुळे कुजलेला अंश खोलवर वाहून जात नाही, हिवाळ्यात कुजण्याची क्रिया थांबते, आणि असे हजारो वर्षे चालल्यावर मीटरभर जाडीचा काळा थर तयार होतो. माझ्या मुद्द्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हा पट्टा उरलच्या दक्षिण टोकापाशी तुटत नाही. तो अरुंद होत पुढे सरकतो आणि पश्चिम सायबेरियाच्या दक्षिण भागातून थेट अल्ताईच्या पायथ्यापर्यंत जातो. गवत, माती आणि शेती यांना तातिश्चेवांची सीमा माहीत नाही.

उरल उतरल्यावर लागते ते पश्चिम सायबेरियाचे मैदान. क्षेत्रफळ सुमारे २६ लाख चौरस किलोमीटर, आणि त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीपासून १०० मीटरांच्याही खाली. युरोप आणि आशिया यांच्यात कधीकाळी खरोखरच समुद्र होता, तो येथे होता. जुरासिक काळापासून सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत उरलच्या पूर्वेकडील हा सखल भाग पुनःपुन्हा पाण्याखाली गेला, आणि तुर्गाईच्या सामुद्रधुनीने दोन भूभागांतील सस्तन प्राण्यांना एकमेकांपासून दूर ठेवले. त्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या सेंद्रिय गाळातूनच आजचे खनिज तेल आणि वायू तयार झाले. १९६५ मध्ये सापडलेले समोत्लोरचे तेलक्षेत्र आणि पुढच्याच वर्षी सापडलेले उरेंगोयचे वायुक्षेत्र ही त्या नाहीशा झालेल्या समुद्राची देणगी.

या मैदानातून वाहणाऱ्या ओब नदीची अडचण अशी, की तिला उतारही पुरेसा नाही आणि दिशाही सोयीची नाही. नोवोसिबिर्स्कजवळ तिचे पात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून मुखापर्यंतचे अंतर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. एप्रिलमध्ये वरच्या भागात बर्फ वितळून पाणी सुटते, तेव्हा खालच्या भागात पात्र अजून जाड बर्फाखाली असते. वरून आलेले पाणी आणि बर्फाचे तुटलेले तुकडे त्या बर्फाला अडकतात, पाणी मागे फुगते आणि बाजूच्या सपाटीवर कित्येक किलोमीटर पसरते. दरवर्षी होणारा हा पूर, थंड हवेमुळे होणारे अल्प बाष्पीभवन आणि निचऱ्याचा अभाव या तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे येथे जगातील सर्वांत विस्तीर्ण दलदली निर्माण झाल्या. ओब आणि इर्तिश यांच्या दरम्यानची वास्युगन दलदल एकटीच सुमारे ५३,००० चौरस किलोमीटरांची आहे.

दलदलीचा एक परिणाम हिवाळ्यात नदीच्या आत घडतो. बर्फाने पृष्ठभाग बंद झाला की हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळत नाही, आणि दलदलीतून झिरपत येणाऱ्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ आणि लोह इतके असते की उरलासुरला प्राणवायूही त्यांच्या ऑक्सिडीकरणात खर्च होतो. पाणी तांबूस होते आणि मासे गुदमरू लागतात. जेथे झऱ्यांचे ताजे पाणी नदीत मिसळते, अशा ठिकाणी मासे दाटीने गोळा होतात, आणि तेथील मच्छीमारांना या जागा बरोबर ठाऊक असतात. स्थानिक लोक या प्रकाराला 'झामोर' म्हणतात. मैदानाचा उतार किलोमीटरमागे काही सेंटिमीटरांनी अधिक असता, तर बर्फाखालच्या माशांचे भवितव्य निराळे असते, हे मला या साऱ्या भूगोलातील फार बोलके उदाहरण वाटते.

उत्तरेकडे 'वाया जाणारे' हे पाणी मध्य आशियाच्या कोरड्या प्रदेशाकडे वळवावे, अशी योजना सोव्हिएत काळात अनेक वर्षे चर्चेत होती. युरोपीय बाजूलाही तसाच विचार होता. पेचोरा नदीचे पाणी कामा नदीमार्गे व्होल्गेकडे नेण्याच्या कालव्यासाठी मार्च १९७१ मध्ये तीन अणुस्फोट जमिनीखाली एकाच वेळी घडवून खड्डा पाडून पाहण्यात आला. त्या खड्ड्यात आज तळे आहे. नद्या वळवण्याची कामे १९८६ मध्ये थांबवण्यात आली. रशियाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग आपले पाणी आर्क्टिक महासागरात सोडतो, आणि भूमीचा हा एकंदर उतार उलटवणे हे काम राज्यसत्तेच्याही आवाक्याबाहेरचे होते.

आता येनिसे. पाण्याच्या प्रमाणात ही रशियातील सर्वांत मोठी नदी. मुखाशी तिचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे १९,६०० घनमीटर. तिच्या डाव्या काठावर पश्चिम सायबेरियाचे मैदान संपते आणि उजव्या काठावर मध्य सायबेरियाचे पठार सुरू होते, म्हणजेच नदी दोन अगदी वेगळ्या भूरचनांच्या शिवणीवरून वाहते. डावीकडे मऊ, तरुण गाळ. उजवीकडे पृथ्वीवरील सर्वांत जुन्या स्थिर भूखंडांपैकी एक असलेला सायबेरियन भूखंड. उजवा काठ उंच असण्याचे कारण हे, आणि येथे बेअर यांच्या नियमाची गरजच पडत नाही. उजव्या काठाने मिळणाऱ्या अंगारा, पोद्कामेन्नाया तुंगुस्का आणि निझ्न्याया तुंगुस्का या उपनद्या खडकाळ, खळाळत्या आणि पाण्याने भरलेल्या आहेत; डाव्या काठाच्या उपनद्या लहान आणि संथ आहेत. एकाच नदीचे दोन हात इतके विजोड असण्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

ही गोष्ट ज्याच्या पहिल्यांदा लक्षात आली, तो जर्मन निसर्गशास्त्रज्ञ योहान गेओर्ग ग्मेलिन. १७३३ ते १७४३ या काळात महान उत्तर मोहिमेच्या निमित्ताने त्याने सायबेरियात वनस्पती गोळा केल्या, आणि सायबेरियाच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने नमूद केले की येनिसे गाठेपर्यंत आपण आशियात आहोत असे त्याला वाटलेच नाही. तोवर दिसणारी झाडे, प्राणी आणि भूमी युरोपासारखीच होती. नदी ओलांडल्यावर मात्र डोंगर, झाडे, फुले, सारे बदलले. स्ट्रालेनबर्ग आणि ग्मेलिन जवळजवळ समकालीन असूनही सीमा मात्र उरलवर ठरली. पायी आणि गाडीने प्रवास करत, वाकून रोपे खुडणाऱ्या माणसाची साक्ष मला अधिक विश्वासार्ह वाटते.

त्याने पाहिलेला बदल आजही जंगलात दिसतो. येनिसेच्या पश्चिमेला तैगा, म्हणजे उत्तरेकडचे सूचिपर्णी जंगल, गडद आहे : स्प्रूस, फर आणि सायबेरियन पाइन यांची दाट, सदाहरित गर्दी, जिच्याखाली दिवसाही अंधार असतो. पूर्वेला तैगा उजळ आणि विरळ होतो, कारण तेथे लार्च वृक्षाचे राज्य आहे. लार्च सूचिपर्णी असूनही शरद ऋतूत आपली पाने पिवळी करून गाळतो; पाने नसली की हिवाळ्यात बाष्प गमावण्याचा प्रश्नही राहत नाही. त्याची मुळे खोल जात नाहीत, वरच्या थरातच आडवी पसरतात. पूर्व सायबेरियाचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या लार्चच्या प्रजातीच्या शास्त्रीय नावात ग्मेलिनचेच नाव आहे.

लार्चला आडवी मुळे पसरावी लागतात, कारण खाली जमीन कायम गोठलेली आहे. रशियाच्या भूमीपैकी सुमारे ६० टक्क्यांहून अधिक भागात हा पर्माफ्रॉस्ट आढळतो. पश्चिम सायबेरियात तो उत्तर भागापुरता आहे; येनिसेच्या पूर्वेला मात्र तो झपाट्याने दक्षिणेकडे सरकतो आणि मंगोलियापर्यंत पोहोचतो. तो किती खोल असू शकतो, याचा पहिला अंदाज याकुत्स्कमधील एका विहिरीने दिला. रशियन-अमेरिकन कंपनीचा तेथील कर्मचारी फ्योदोर शेर्गिन याने १८२८ च्या सुमारास पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. पाणी लागेना, गोठलेली माती संपेना. काम वर्षानुवर्षे चालू राहिले आणि १८३७ मध्ये ११६ मीटर खोलीवर थांबले, तेव्हाही तळ गोठलेलाच होता. १८४४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी त्या विहिरीत वेगवेगळ्या खोलींवर तापमान मोजले, आणि खाली जावे तसतसे ते हळूहळू वाढते यावरून गोठलेल्या थराची जाडी काढण्याचा प्रयत्न केला. पाणी न लागलेली ही विहीर पर्माफ्रॉस्टच्या शास्त्राची सुरुवात ठरली. याकुतियाच्या पश्चिम भागात गोठलेला थर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत खोल गेल्याचे आता माहीत आहे.

गोठलेली जमीन म्हणजे निव्वळ आपत्ती, असा समज मात्र चुकीचा आहे. याकुत्स्कला वर्षभरात जेमतेम २४० मिलिमीटर पाऊस आणि हिम पडते, आणि उन्हाळा कडक असतो. जुलैचे सरासरी तापमान २० अंशांच्या जवळ जाते. इतक्या कमी पाण्यावर वास्तविक तेथे जंगल उभे राहायला नको, कोरडे गवताळ रान असायला हवे. पण उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटरचा थर वितळतो, त्याखालचे बर्फ पाण्याला झिरपू देत नाही, आणि झाडांच्या मुळांना त्यांच्या हाताशीच ओलावा मिळत राहतो. उलट, जंगलाची सावली आणि शेवाळाचे आच्छादन जमिनीला फार तापू देत नाही, म्हणून बर्फही टिकते. एकाने दुसऱ्याला धरून ठेवले आहे. आगीने किंवा तोडीने झाडे गेली की गोठलेल्या जमिनीतील बर्फाचे जाड कप्पे वितळतात, जमीन खचते आणि तेथे तळे किंवा गवताचे गोल खोरे तयार होते. याकुत लोक त्याला 'अलास' म्हणतात आणि शतकानुशतके आपली गुरे व घोडे तेथील गवतावर पोसत आले आहेत. परंतु ही खचण्याची क्रिया उतारावर सुरू झाली, तर ती थांबत नाही. वेर्खोयान्स्क भागातील बतागाईचा खड्डा १९६० च्या दशकातील जंगलतोडीनंतर उघडा पडू लागला. आज तो सुमारे किलोमीटरभर लांबीचा झाला आहे आणि त्याच्या कड्यातून हिमयुगातील प्राण्यांची हाडे बाहेर येत असतात.

मध्य सायबेरियाच्या पठाराच्या वायव्य कोपऱ्यात पुतोरानाचा डोंगराळ भाग आहे, आणि सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तेथील छायाचित्रे ओळखीची वाटतील : सपाट माथे, पायऱ्यापायऱ्यांचे कडे, आडव्या थरांवरून कोसळणारे धबधबे. दोन्हीकडे खडक बेसाल्टच आहे. फरक वयाचा आणि परिणामांचा. सायबेरियातील लाव्हा सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला, आणि तो वर येताना कोळशाच्या व मिठाच्या जाड थरांतून आल्यामुळे विषारी वायूंचा आणि कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट हवेत गेला. पर्मियन काळाच्या अखेरीस समुद्रातील सुमारे नव्वद टक्के प्रजाती नष्ट झाल्या, त्याचे मुख्य कारण हेच उद्रेक मानले जातात. म्हणजे पर्मियनचे नाव उरलच्या पायथ्याशी पडले आणि त्याचा शेवट येनिसेपलीकडे झाला. नोरिल्स्कचे निकेल आणि पॅलेडियम हेही त्याच घडामोडीतून आलेले. प्रामाणिकपणे सांगायचे, तर हा बेसाल्ट येनिसेपाशी संपत नाही. तो पश्चिम सायबेरियाच्या मैदानाखालीही आहे, फक्त तेथे तो गाळाच्या जाड थराखाली गाडला गेला आहे.

थंडीबद्दल बोलताना उत्तर ध्रुवाची जवळीक हे कारण सर्वांना सुचते, पण ते अपुरे आहे. मुर्मान्स्क आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेला, ६९ अंश अक्षवृत्ताजवळ असूनही त्याचे बंदर हिवाळ्यात खुले राहते. व्लादिवोस्तोक ४३ अंशांवर असूनही तेथे समुद्र गोठतो आणि बर्फ फोडावे लागते. अटलांटिकचा उबदार प्रवाह मुर्मान्स्कपर्यंत पोहोचतो, तर व्लादिवोस्तोकवर हिवाळाभर सायबेरियाच्या आतील कोरडी, गोठलेली हवा वाहते. मॉस्को आणि नोवोसिबिर्स्क जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, तरी जानेवारीचे सरासरी तापमान मॉस्कोला उणे ६ अंशांच्या आसपास, तर नोवोसिबिर्स्कला उणे १७ च्या आसपास असते. अटलांटिकची वाफ आणि ऊब पूर्वेकडे जाताना टप्प्याटप्प्याने खर्च होते. उरल तिला अडवत नाही. दक्षिणेला मात्र काकेशस, अल्ताई, सायान आणि स्तानोवोय यांची रांग उभी आहे, त्यामुळे हिंदी महासागराची ऊब वर येऊ शकत नाही, आणि उत्तरेकडचा भाग सताड उघडा आहे.

परिणामी हिवाळ्यात या पर्वतांच्या उत्तरेला थंड, जड हवा साचत जाते आणि तिचा दाब जगातील सर्वांत मोठ्या दाबांपैकी एक असतो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी सायबेरियातील अगाता येथे नोंदलेला १,०८३.८ हेक्टोपास्कलचा आकडा प्रसिद्ध आहे. आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, आणि दरीतळाशी सर्वांत थंड हवा पाण्यासारखी साठून राहते. त्यामुळे येथे डोंगरावर चढावे तसे ऊबदार लागते. वेर्खोयान्स्क आणि ओयम्याकोन ही विक्रमी थंडीची दोन्ही ठिकाणे अशाच दऱ्यांत आहेत. वेर्खोयान्स्कला फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश नोंदले गेले, आणि त्याच गावी २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला. एकाच गावात शंभराहून अधिक अंशांची तफावत समुद्रापासून दूर असण्याचा अर्थ सांगून जाते.

बैकाल सरोवराविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एका गोष्टीवरच थांबतो. १,६४२ मीटर खोलीचे आणि जगातील न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक पंचमांश पाणी साठवणारे हे सरोवर म्हणजे खचदरी आहे, जी अडीच कोटी वर्षांपासून रुंदावते आहे; तळाच्या गाळाचीच जाडी काही ठिकाणी सात किलोमीटरांच्या घरात आहे. हे रुंदावणे ग्रंथांपुरते नाही. जानेवारी १८६२ मध्ये भूकंप होऊन सेलेंगा नदीच्या त्रिभुज प्रदेशालगतचे सुमारे २०० चौरस किलोमीटर गवताळ रान खचले आणि सरोवराचे पाणी त्यावर पसरले. आज तेथे प्रोवाल नावाचे आखात आहे. गंमत अशी, की लेना नदीचा उगम बैकालच्या पश्चिम काठापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे, परंतु मधल्या डोंगरकडेमुळे तिचे पाणी सरोवरात न येता ४,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कापून आर्क्टिकला जाते, तर सेलेंगा मंगोलियातून येऊन सरोवराला मिळते.

लेनेच्याही पूर्वेला वेर्खोयान्स्क आणि चेर्स्की या पर्वतरांगा आहेत, आणि माझ्या येनिसेवादाला खरा धक्का बसतो तो येथे. सीमा भूपट्टांवरून ठरवायची म्हटली, तर उरल बाद होतो, कारण तो जुळून गेलेला, मृत सांधा आहे. पण येनिसेही बाद होते. युरेशियन आणि उत्तर अमेरिकन भूपट्टांची हद्द आर्क्टिकच्या तळावरील गाकेल पर्वतरांगेने येऊन लाप्तेव समुद्रातून जमिनीवर चढते आणि चेर्स्की पर्वताच्या भागातून दक्षिणेला जाते. तेथील भूकंप ही हद्द दाखवून देतात. कामचात्काचे ज्वालामुखी आणि १९५२ चा ९.० तीव्रतेचा भूकंप हा आणखी पूर्वेकडचा, पॅसिफिक भूपट्ट खाली घुसण्याचा वेगळा विषय आहे. या हिशेबाने चुकोत्का, म्हणजे रशियाचे ईशान्य टोक, भूशास्त्रीयदृष्ट्या उत्तर अमेरिकेत मोडते, आणि जी बेरिंगची सामुद्रधुनी आपण दोन खंडांची निर्विवाद सीमा मानतो, ती केवळ ३० ते ५० मीटर खोलीची आहे. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली होती, तेव्हा तेथे गवताळ जमीन होती आणि मॅमथ दोन्ही बाजूंना चरत असत.